हौदावरचं आवतण

वसतिगृहात मी ज्या ताटात जेवायचे, त्याच्या मागच्या बाजूला माझ्या भावाचं नाव होतं. खिळ्यानं टिंब टिंब टोचून घातलेलं. भाऊ त्या ताटात एकदाही जेवला नव्हता, कारण तो तिथं राहिलाच नव्हता. पण जागा त्याची, ताट त्याचं, आणि मी त्याच्या जागेवर बसलेली बदली पोरगी.

साठचं दशक तेव्हा सरत आलं होतं. नागपूरच्या दक्षिणेला, आता मनीषनगरच्या इमारती जिथं एकमेकींच्या खिडक्यांत डोकावतात, त्या बाजूला सगळी शेतं होती, आणि शेतांच्या कडेला आमची संस्था. कौलारू शाळा, तिला लागून मुलामुलींची दोन वसतिगृहं, एक विहीर आणि मागे भाजीचे वाफे. खेड्यापाड्यातल्या गरिबाच्या लेकरांना तिथं फुकट शिकवायचे, जेवू घालायचे, कपडे द्यायचे. खरूज झाली तर मलम लावायचे आणि उवा झाल्या तर कडूनिंबाचं तेल डोक्यावर थापायचे. शहरातली भली माणसं कोणी धान्य द्यायची, कोणी कापड, त्यावर सगळा संसार चाले. तो चालवायच्या मोठ्या बाई. अंगानं काडी, आवाज मात्र विहिरीपलीकडे जाणारा.

बाईंचा एक नियम होता. घरामागे एकच लेकरू. एका घरची तीन पोरं घेतली तर दोन घरांची राहून जातात, असं त्यांचं म्हणणं, आणि त्यात खोट काढायला जागा नव्हती.

माझा बाप कळमेश्वरच्या पलीकडच्या एका गावात मजुरी करायचा. जमीन नाही, बैल नाही, दोन हात तेवढे होते. त्यानं खटपट करून भावासाठी ती जागा मिळवली. मला सोबत आणलं होतं ते भावाचा हात धरायला. भावानं फाटक पाहिलं आणि व्हरांड्याच्या खांबाला जी मिठी मारली ती सुटेना. रडून रडून त्यानं अख्खी संस्था डोक्यावर घेतली. बाई शांतपणे चहा पीत होत्या. त्यांनी मला विचारलं, "तुला वाचता येतं का गं?"

मी म्हटलं, "वाचता येत नाई. पन मी रडत नाई."

बाई हसल्या. बापानं खांबाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि तिथल्या तिथं हिशेब लावला. "बाई, यंदा पोरीले ठेवा. पोट्टा जरा शहाना झाला का त्याले आनून देतो, अन् हिले घेऊन जातो." अशी मी शाळेत आले. उसनी.

बापावर मला राग नव्हता, असं म्हणाले तर खोटं होईल. नाकावर राग घेऊनच मी जन्माला आले होते. पण त्याचं चुकत होतं असं तेव्हा गावात कोणीच म्हटलं नसतं. जागा एक, मग ती पोराचीच. माय म्हणायची, पोरगी शिकून राह्यली तर शिकू द्या, पण इतक्या हळू म्हणायची की चुलीलाच ऐकू जायचं.

मला ती शाळा कडकडून आवडली. घरी मी बाप आणि भाऊ जेवल्यावर जेवायचे. इथं घंटा झाली की सगळे एका पंगतीत. ज्या दिवशी मला पाटीवरचं आख्खं वाक्य कोणाच्या मदतीशिवाय वाचता आलं, त्या दिवशी मी दुकानाची पाटी, औषधाची बाटली, पोत्यावरचा शिक्का, जे दिसेल ते मोठ्यानं वाचत सुटले. शेजारच्या खाटेवरची मुलगी म्हणाली, "आता चूप बस ना वं, नाही तर मले वाचशील." आणि हे सगळं वाचता वाचता एकच धास्ती कायम असायची. भाऊ शहाणा होतोय की काय? गावाकडून कोणी आलं की मी पहिल्यांदा तेच विचारायचे. तो अजून रडतो म्हटलं की मला बरं वाटायचं. सख्खा भाऊ माझा, पण बरं वाटायचं.

दुसऱ्या वर्षी पावसाळ्यात निरोप आला. पोळ्याच्या दिवशी मजुरी बंद असते, त्या दिवशी बाप पोराला घेऊन येतोय. मी माझं गाठोडं बांधून ठेवायचं होतं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे खांदमळणी असते. बैलाला आंघोळ घालतात, जिथं जू बसतं त्या खांद्याला तूप आणि हळद चोळतात आणि त्याला उद्याच्या जेवणाचं आमंत्रण देतात. त्याला आम्ही आवतण म्हणतो. वसतिगृहातल्या सगळ्या पोरी खेड्यातल्या, त्या दिवशी कोणाचं लक्ष पुस्तकात लागेना. एकीला घरचा पांढरा आठवत होता, एक खिडकीत बसून मुसमुसत होती. शेवटी बाईंनीच स्वयंपाकघरातून वाटीत तूप काढून दिलं, हळद दिली आणि म्हणाल्या, "धान्याची बंडी येणार आहे आज. तिच्या बैलांची करा जा खांदमळणी."

इतवारीच्या बाजारातून बैलगाडीत पोती घेऊन येणारा बंडीवाला म्हातारपणाकडे झुकलेला, पांढऱ्या मिशांचा माणूस होता. आम्ही त्याला बुवा म्हणायचो. बायको आणि तो, दोघंच जवळच्या वस्तीत राहायचे. आम्ही त्याच्या जोडीचे खांदे चोळले आणि एका सुरात म्हटलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." बुवा कासरा धरून नुसता उभा राहिला.

वाटीत तूपहळद उरलं होतं. समोरच्या रस्त्यावर एक हौद होता. शहरात माल घेऊन येणारे बंडीवाले तिथं बैलांना पाणी पाजायला थांबायचे. मीच म्हणाले, "चला वं, हौदावर जाऊ." उद्या मी जाणारच होते. जाता जाता सगळ्या नागपूरच्या बैलांचा समाचार घेते, असा काहीसा माझा आवेश होता. आम्ही हौदावर गेलो आणि पाणी पिणाऱ्या एकूण एक बैलाच्या खांद्याला हात लावून त्याला आवतण दिलं. तूप संपत आलं तेव्हा नुसतं बोट टेकवलं, पण आवतण प्रत्येकाला पूर्ण दिलं. बंडीवाले हसत होते.

माझ्या घरी बैल असता तर हे मी केलं नसतं. आवतण आपापल्या बैलाला द्यायचं असतं. परक्याच्या बैलाला दिलं म्हणजे उद्या त्याच्या धन्यासकट त्याला आपल्या दारात बोलावलं. हे ज्याच्या दावणीला बैल आहे त्याला कळतं. मी खांदमळणी पाहिली होती ती पाटलाच्या गोठ्याच्या कुंपणाबाहेरून. माझ्या बापानं जन्मात कोणाला आवतण दिलं नव्हतं, तर मला कोण शिकवणार? ज्या पोरींच्या घरी बैल होते त्यांना वाटलं, शहरात कोण खरं धरतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाप आणि भाऊ आले. भाऊ उंच झाला होता, पण बापाच्या धोतराचं टोक मुठीत होतंच. बाप बाईंना म्हणाला, "आनला बाई." बाई म्हणाल्या, "सणाचा दिवस आहे, आधी जेवा." कोणा दात्यानं चण्याची डाळ आणि गूळ पाठवला होता, पुरणाच्या पोळ्या होत होत्या. माझं गाठोडं खाटेवर तयार होतं. मी ताटाच्या मागचं नाव बोटानं चाचपत बसले होते आणि आज हा खांबाला मिठी का मारत नाही म्हणून भावाचा राग राग करत होते.

तेवढ्यात घुंगरं वाजली.

फाटकातून बुवाची जोडी आत आली. शिंगांना हिंगूळ, अंगावर झूल, कपाळाला बाशिंग. तिच्यामागे दुसरी जोडी. तिच्यामागे तिसरी. रस्त्यावर पाहते तर रांग लागलेली, आणि प्रत्येक जोडीपुढे धुतलेला सदरा घातलेला एक बंडीवाला. बाई पदर खोचलेल्या अवस्थेत, हाताला पुरण लागलेलं, तशाच बाहेर आल्या.

"हे काय? कोणी बोलावलं तुम्हाला?"

बुवा म्हणाला, "तुमच्या पोट्टीयनं आवतन देल्लं ना बाई काल. लेकरायचं आवतन मोडावं कसं?"

बाईंनी आमच्याकडे पाहिलं. मैत्रिणी म्हणवणाऱ्या त्या सगळ्याजणींनी एकाच वेळी माझ्याकडे पाहिलं. मी पुढे झाले. नाहीतरी जायचंच होतं.

"म्या देल्लं."

"किती बैलांना?"

"हौदावर होते तेवढ्या सगळ्यायले."

बंडीवाल्यांत हशा पिकला. बाई हसल्या नाहीत. पोळ्या मुलांपुरत्याच होत्या हे त्यांना माहीत होतं. त्या क्षणभर स्वयंपाकघराकडे पाहत राहिल्या आणि मग विहिरीपलीकडे जाणारा तो आवाज निघाला. "मग उभ्या काय राहिल्या? पाणी आणा, पाय धुवा त्यांचे. कुंकू आणा. बैलाला अख्खी पोळी, आपल्याला अर्धी. आवतण दिलं आहे ना!"

एकाही पोरीनं तोंड वाकडं केलं नाही. आम्ही बैलांचे पाय धुतले, बाईंनी स्वतः एकेकाच्या कपाळाला कुंकू लावलं आणि पोळी भरवली. बुवा बैलाच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाला, "बाई, गाव सोडल्यापासून माह्या बैलायले कोनं आवतन नोतं देल्लं. मीच आवतन देवो, मीच जेवू घालो." बाकीचेही मान हलवत होते. आम्हाला ती आमची चूक वाटत होती. त्यांना शहरानं पहिल्यांदाच दारात बोलावलं होतं.

बुवानं जोडीसोबत एक नवा गोऱ्हा आणला होता, अजून जुवाला न लागलेला. एका पोरीच्या हातून पितळेची परात पडली, खणकन आवाज झाला आणि तो गोऱ्हा उधळला. भाजीच्या वाफ्यांतून थेट मेथी तुडवत निघाला. पोरी किंचाळत व्हरांड्यावर चढल्या, त्यानं तो आणखीच बिथरला.

आणि बापाचं धोतर सोडून माझा भाऊ चालत निघाला. पळाला नाही, चालत गेला, बाजूबाजूनं. "हो राजा, हो हो, काई नाई, काई नाई." गावात तो दिवसभर पाटलाच्या बैलांमागे असायचा, त्यासाठी मायचा मारही खायचा. त्यानं लोंबणारा कासरा उचलला आणि गोऱ्ह्याच्या मानेला गाल लावून उभा राहिला. हाच का तो खांबाला मिठी मारणारा, असं मला वाटलं. त्या एका क्षणापुरता तो मला फार आवडला.

बुवा बापाजवळ आला. "कोनाचा हाय गा हा पोट्टा?"

"माहा."

"शाळेत घालाले आनला?"

बापानं सगळं सांगितलं. जागा एक, गेल्या साली हा रडला म्हणून पोरीला ठेवली, आता ह्याला ठेवायचं आणि तिला न्यायचं. बाई ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "पोरगी हुशार आहे तुमची. तिला नेऊ नका असं मला फार वाटतं. पण नियम मीच केला आहे. तुमच्यासाठी मोडला तर बाहेर थांबलेल्या घरांना उद्या कोणत्या तोंडानं नाही म्हणू? एकाला ठेवा. कोणाला, ते तुम्ही सांगा."

बाप जमिनीकडे पाहत होता. मग म्हणाला, "मंग पोट्ट्यालेच ठेवा बाई."

मला ठाऊक होतं तो हेच म्हणणार. मी गाठोडं आणायला वळले.

"थांब वं पोरी," बुवा म्हणाला. मग बाईंकडे वळला. "बाई, तुमचा नेम खाटेचा अन् जेवनाचा हाय, का शाळेचाबी हाय?"

"शाळेला कोणीही यावं. आसपासची पोरं येतातच की."

"मंग हा पोट्टा माह्या घरी राहीन. बुढी हाय, ती याले जेवू घालन. आमाले लेकरू नाई. सकाळी शाळेत येईन, संध्याकाळी बैलायले पानी दाखवीन. खाट तुमची पोरीलेच राहू द्या."

बापानं बुवाला जात विचारली नाही, बुवानंही नाही. दोघांनी एकमेकांना गाव विचारलं. गावावरून जे कळायचं ते दोघांना कळलं असावं आणि त्यात नडण्यासारखं काही निघालं नसावं. मग बापानं भावाला विचारलं, राहशील का. आता ह्यानं भोकाड पसरलं की संपलं सगळं.

भावानं गोऱ्ह्याच्या मानेवरून गाल न काढता विचारलं, "हा कोठी निजते?"

"आंगनात," बुवा म्हणाला.

"मी त्याच्याजवळच निजीन."

सगळे हसले. बाप हसला नाही. तो माझ्याकडे पाहत होता, आल्यापासून पहिल्यांदाच. "तुले राह्याचं हाय का वं?"

मला आठवतंय तेव्हापासून त्यानं मला काही विचारलं नव्हतं, सांगितलंच होतं. माझी जीभ एरवी कात्रीसारखी चालायची. तेव्हा फक्त "हो" निघालं.

भाऊ बुवाकडे राहिला. बुवाच्या बायकोनं त्याचे असे लाड केले की दोन वर्षांत तो गोऱ्ह्यापेक्षा गुबगुबीत दिसू लागला. अभ्यासात तो जेमतेमच होता, पण शाळा त्यानं सोडली नाही, आणि पुढं एस.टी.त ड्रायव्हर झाला. मी नर्स झाले. बाईंनी मला दुसरं ताट दिलं, मागं माझं नाव टोचलेलं. दर पोळ्याला बैलांची ती रांग फाटकात यायची. मात्र आदल्या दिवशी बाई स्वतः आमच्यासोबत हौदावर यायच्या आणि डाळ जास्तीची भिजवायच्या. हौद आता नाही. तिथून गाड्या मिहानच्या कंपन्यांकडे सुसाट जातात.

पण मला सांगायचं आहे ते त्याच संध्याकाळचं. बैल परतले होते, भाऊ मागं वळूनही न पाहता गोऱ्ह्यासोबत गेला होता. बापाला शेवटची गाडी गाठायची होती. मी त्याला फाटकापर्यंत सोडायला निघाले, बाई व्हरांड्यात उभ्या होत्या. खिडकीच्या कट्ट्यावर कालची तूपहळदीची वाटी तशीच पडलेली. बाप तिच्यापाशी थांबला. त्यानं बोटानं वाटीचा तळ निपटून काढला. मला वाटलं, वाया जाऊ नये म्हणून काढतोय. त्यानं ते माझ्या खांद्यावर, फ्रॉकच्या वरून, अंगठ्यानं सावकाश चोळलं.

"आज आवतन घे," तो म्हणाला. "दिवाळीले जेवाले ये."

मी रडले. रडत नाही असं ज्या बाईंना सांगून आत आले होते, त्यांच्याच समोर हमसून हमसून रडले. फ्रॉकवरचा तो पिवळा डाग मी कधी घासला नाही.

तरी दिवाळी जवळ आली तशी मी पुन्हा धास्तावले. दिवाळीच्या सुट्टीत गेलेल्या पोरी कापूस वेचणीत अडकायच्या आणि कितीतरी परत यायच्याच नाहीत. घरी गेले तेव्हा गावाभोवतीची सगळी शेतं पांढरी झाली होती आणि माझ्या वयाच्या पोरी कमरेला कापसाची ओटी बांधून वेचायला जात होत्या. माझ्यासाठी कोणी ओटी काढली नाही. मायनं आम्हा सगळ्यांना एकाच वेळी वाढलं, बापाच्या शेजारी मी. सुट्टी संपली त्या सकाळी बाप आम्हाला घेऊन फाट्यावर आला. भाऊ आधीच गाडीत खिडकीची जागा पकडून बसला, त्याला बैलांकडे परतायची घाई. मी पायरीवर पाय ठेवला तेव्हा बापानं माझं गाठोडं आत सरकवलं आणि कंडक्टरला मोठ्यानं सांगितलं, सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं.

"नागपूरले उतरवजा गा यायले. दोघंबी शाळेचे हायत."